फुलीमामाचं काचेचं दार

माझ्या मामाला सगळे फुलीमामा म्हणतात. सख्खी भाची मी एकटीच, पण हे नाव इतकं पसरलंय की त्याच्याहून वयाने मोठी माणसंही त्याला मामाच म्हणतात आणि तोही बिनतक्रार 'ओ' देतो. धंदा काचा बसवण्याचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं अरुंद दुकान आहे. आत भिंतीला टेकवून काचांचे तावच्या ताव उभे, मध्ये जाडजूड टेबल, टेबलावर जुनी घोंगडी आणि तिच्यावर काच कापायची हिरकणी. लाकडी दांडीच्या टोकाला बसवलेल्या त्या बारीकशा हिऱ्याच्या कणाला तो कुणालाही हात लावू देत नाही. बायकोलाही कधी लावू दिला नसता, पण लग्न केलं नाही, त्यामुळे तो प्रसंग आला नाही.

फुली मारणं हा काही त्याचा शोध नाही. नवी काच बसवली की तिला धरून ठेवणारी पुट्टी ओली असते. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून ती करतात आणि तिला कडक व्हायला वेळ लागतो. तोवर कुणी काचेला रेटा दिला तर ती चौकटीतून निसटते. शिवाय नवीकोरी काच इतकी स्वच्छ असते की ती तिथे आहे हेच कळत नाही. म्हणून काम झालं की काचवाले तिच्यावर चुन्याची फुली काढतात. इथे काच आहे, जपून, एवढाच तिचा अर्थ. पुट्टी वाळली की घरमालकाने ओल्या फडक्याने फुली पुसून टाकायची. बाकीचे काचवाले मधोमध बोटाएवढी खूण करून मोकळे होतात. माझा मामा रुंद कुंचला घेऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अशी दणदणीत फुली काढतो की रस्त्यापलीकडून वाचता यावी.

आणि फक्त खिडक्यांवर नाही. एका बाईंच्या सासऱ्यांच्या तसबिरीची काच बदलून दिली, तर तिच्यावरही फुली. बाई तणतणत दुकानात आल्या. "माझ्या सासऱ्यांवर काट मारलीत?"

"सासऱ्यांवर नाही, काचेवर मारलीय," मामा म्हणाला. "दोन दिवसांनी पुसा."

बाई थोडा वेळ तसबिरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, ते हयात असताना मारायला हवी होती." आणि तसबीर काखेत मारून निघून गेल्या.

एकदा त्याने माशांच्या टाकीची फुटलेली बाजू बदलून दिली. तिच्यावर फुली बघून मालकाने विचारलं, "ही कुणासाठी हो, माशांसाठी?" मामा गंभीरपणे म्हणाला, "आतून त्यांनाही दिसेल की." असे किस्से लोक एकमेकांना सांगतात आणि हसतात. मीही हसायचे. फक्त माझं हसू इतरांपेक्षा जरा लवकर संपायचं, कारण ही फुली एवढी मोठी का झाली ते मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं मला वाटत होतं.

माझ्या डाव्या भुवईपासून जबड्यापर्यंत एक व्रण आहे. तो कसा झाला ते सांगते, कारण लोक विचारत नाहीत आणि नुसतं बघत बसतात, त्याचा मला जास्त संताप येतो. मी लहान होते. आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं. बैठकीच्या खोलीतून मागच्या अंगणात जायला काचेचं मोठं दार होतं, आणि ती काच मामाने बसवली होती. तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि ती त्याची पहिली मोठी काच. दुपारी घर बघायला पाहुणे यायचे होते. मी अंगणात खेळत होते. आत कुणीतरी आल्याचा आवाज आला आणि मी धावत सुटले. दारावर फुली नव्हती. दार उघडंच आहे असं मला वाटलं. पुढचं मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते मी इथे लिहिणार नाही. डोळा वाचला.

फुली का नव्हती? तर मामाने ती आधीच पुसून टाकली होती. हे त्यानेच सांगितलं. इस्पितळात बाबा धावत आले, तेव्हा तो समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं. म्हणून पुसली." बाबा मालमोटार चालवायचे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असायचे आणि मुळात कमी बोलायचे. ते त्याला काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर पुढचं बरंच काही टळलं असतं. आता बाबाही नाहीत.

त्या दिवसापासून मामाने काचेचं दार बसवलं नाही. खिडक्या, तसबिरी, आरसे, कपाटं, काय वाट्टेल ते. दार म्हटलं की तो दुसऱ्या काचवाल्याचा पत्ता द्यायचा. आमच्या घरी दर रविवारी दुपारी जेवायला यायचा, पण स्वयंपाकघराच्या दाराने. पुढच्या दाराने आलेला मी त्याला कधी पाहिला नाही. टेबलाशी बसताना माझ्या उजव्या हाताची खुर्ची त्याची. चालताना माझ्या उजवीकडून. मी जागा बदलली तर हा काहीतरी आणायच्या निमित्ताने उठायचा आणि परत येताना बरोबर माझ्या उजवीकडे. माझी डावी बाजू त्याच्यासाठी जगात नव्हतीच. लाड मात्र असे करायचा की आई वैतागून जायची. मला पहिली सायकल त्याने घेऊन दिली आणि ती शिकवताना तो माझ्या उजवीकडून इतका धावला की चपलांचा एक जोड संपला.

आणि चर्चमध्ये. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. प्रभूने आपल्या सगळ्यांचे दोष स्वतःवर घेऊन प्राण दिला, त्याची ती आठवण. भाकरीची ताटली बाकावरच्या पहिल्या माणसाकडे देतात, तो एक तुकडा घेतो आणि ताटली शेजारच्याकडे सरकवतो. मामा सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा, आणि ताटली मागे यायला लागली की याला मागच्या खिडकीच्या कडीची आठवण व्हायची. उठायचा, खिडकीशी जायचा, कडी लावून बघायचा, काढून बघायचा, चौकटीवर बोट फिरवायचा. ताटली पुढे गेली की परत येऊन बसायचा. त्या खिडकीएवढी देखभाल राजवाड्यातल्या खिडकीचीही होत नसेल. आणि तरी ती कडी वाऱ्याने वाजायचीच. मला वाटतं त्याने ती मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. केली असती तर पुढच्या महिन्यात कशाला उठला असता?

लहानपणी मला हे विचित्र वाटायचं नाही. मामा असाच असतो, एवढंच वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं, आणि कळल्यावर राग यायला लागला. माझ्या नाकावर राग असतोच, ते सोडा. पण हा राग निराळा होता. माझ्या जवळच्या माणसाने स्वतःला जन्मठेप ठोठावली होती आणि तुरुंग म्हणून माझा चेहरा वापरला होता.

मी केस कापायचं काम शिकले. ज्या बाईच्या चेहऱ्यावर एवढा मोठा व्रण ती दुसऱ्यांना सुंदर काय करणार, असं काही जणी माझ्या पाठीमागे बोलल्या आणि एक तोंडावरही बोलली. तीच आता दर महिन्याला केस कापायला येते. बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काढल्यावर मी स्वतःचं दुकान घ्यायचं ठरवलं. जागा लहानशी पण रस्त्यावरची. तीन खुर्च्या, भिंतभर आरसे, केस धुवायला एक बेसिन. आणि पुढे काचेचं दार, म्हणजे रस्त्यावरून आतला उजेड दिसावा आणि आतून रस्ता.

मामाला बोलावलं. त्याने आरशांची मापं आनंदाने घेतली. दाराच्या रिकाम्या चौकटीपाशी आल्यावर माप घ्यायची पट्टी खिशात ठेवली.

"इथे लाकडी बसव," तो म्हणाला.

"केस कापायचं दुकान आहे मामा, कोठार नाही."

"मग मी एक पत्ता देतो. चांगला माणूस आहे. हात स्वच्छ आहे त्याचा."

"मला तुझ्याकडून हवंय."

"माझे हात आता थरथरतात ठमे. पुढच्या वर्षी हिरकणी खाली ठेवीन म्हणतो."

"म्हणूनच या वर्षी हवंय," मी म्हणाले.

त्याने काढता पाय घेतला. मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या काचवाल्याकडून मी दार बसवून घेणार नव्हते. चौकट उघडी राहिली तरी चालेल, मांजरं आत आली तरी चालेल. मला दाराची फार पडली होती असं नाही. हा माणूस हिरकणी खाली ठेवेल, घरी बसेल आणि मरेपर्यंत मागच्या बाकावरून खिडकीशी जात राहील, ही भीती मला खात होती. काचेचं दार त्याच्या हातून झालं तर काहीतरी सुटेल असं वाटत होतं.

मी चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे गेले. आमचे पाळकसाहेब बुटके, गोड, आणि धुळीने सतत शिंकणारे. त्यांना दृष्टान्तांची भारी हौस. माझं ऐकून ते म्हणाले, "मी बोलतो त्याच्याशी." आणि खरोखरच दुकानात गेले. तासाभराने परत आले ते नाक पुसत, पडेल चेहऱ्याने.

"मी त्याला म्हटलं," ते सांगू लागले, "तू रोज काचेवर जी खूण करतोस, तीच तुला सांगतेय. प्रभूच्या वधस्तंभाकडे, त्या क्रुसाकडे बघ म्हटलं. तर म्हणतो, साहेब, वधस्तंभ सरळ असतो. ही तिरकी आहे."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्यांनी पुन्हा नाक पुसलं.

"तो अविश्वासू नाही," ते म्हणाले. "तेच तर कठीण आहे. तो दारुडा वायरमन इतक्या वर्षांनी चर्चमध्ये परत आला, तेव्हा सगळ्यांत आधी उठून त्याला कुणी मिठी मारली? तुझ्या मामाने. त्याला म्हणाला, प्रभूने सगळं माफ केलंय, आता मागे बघू नकोस. मी स्वतः ऐकलं. जगातल्या प्रत्येकासाठी त्याचा विश्वास आहे. स्वतःपुरता मात्र तो नियमाला अपवाद आहे."

"मग आता?"

"मी प्रार्थना करतो," पाळकसाहेब म्हणाले आणि शिंकले.

आरसे बसवायला मामा आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण सकाळपासून आम्हा दोघांत धुसफुस होती. उघड्या चौकटीतून रस्त्यावरची धूळ आत येत होती आणि मी मुद्दाम ती मोठमोठ्याने झाडत होते. मामाने तिसरा आरसा भिंतीला लावला, स्क्रू पिळले आणि सवयीने कुंचला घेऊन त्यावरही फुली काढली. मी झाडू घेऊन मागे उभी होते. तेव्हा मी आरशात पाहिलं, तर मामा माझ्याकडे बघत होता. आरशातल्या माझ्याकडे, डाव्या गालाकडे. मी पाहिलं हे कळताच त्याने नजर काढली आणि कुंचला धुवायला बेसिनकडे गेला.

तेवढ्यात आई आली. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पाव-अंडी घेऊन. ती ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली आणि कपात चहा ओतू लागली. माझा मात्र तोल गेला होता.

"आरशात बघतोस, तर सरळ का बघत नाहीस?" मी मामाला म्हणाले. "काय आहे त्यात एवढं? मी रोज बघते."

"ठमे, जाऊ दे."

"नाही जाऊ देणार. मी तुला माफ केलंय. तोंडदेखलं नाही. शाळेत असताना मला तुझा खूप राग यायचा, हेही सांगते. मुलं चिडवायची तेव्हा घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून तुझ्या नावाने बोटं मोडायचे. तो राग मी देवापुढे बसून, रडून, सोडला. तुला आजवर हे सांगितलं नव्हतं. आता तो राग नाहीये, मामा. खरंच नाहीये."

तो कुंचला धूत राहिला. कुंचला केव्हाच स्वच्छ झाला होता.

"तू सोडलास, हा तुझा मोठेपणा," तो शेवटी म्हणाला. "देवही सोडेल, तोही मोठा आहे. पण दोष दोषच राहतो ना. काच मी बसवली, फुली मी पुसली. दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. माझा होता."

आईने कप खाली ठेवला.

"हात तुझा होता," ती म्हणाली. "तोंड माझं होतं."

"ताई, गप," मामा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"इतकी वर्षं गप्पच होते." आई म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "पुसायला मी सांगितलं, बाळ. पाहुणे यायचे होते. नवं घर, नवी काच, आणि तिच्यावर ते पांढरे फराटे. लोक काय म्हणतील असं मला झालं होतं. हा नको म्हणत होता. पुट्टी ओली आहे ताई, उद्या पूस म्हणाला. मी रुसले. म्हटलं, बहिणीच्या घराची शोभा करायला आणलंय तुला की अवकळा करायला? तेव्हा कुठे याने फडकं घेतलं."

मामा बेसिनच्या कडेला धरून उभा होता. पाणी तसंच वाहत होतं. मी जाऊन नळ बंद केला.

"आणि इस्पितळात," आई म्हणाली, "तुझे बाबा आले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हा पुढे झाला. मिरवायचं होतं म्हणाला. याला कसलं मिरवायचं, हा तर पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपायचा. मी ऐकलं आणि गप्प राहिले. आधी भीतीने. नंतर देवाजवळ सगळं कबूल केलं, त्याने मला मोकळं केलं, आणि भीती गेली. पण मग लाज उरली. देवाला सांगितलं. तुम्हा दोघांना सांगायचं राहिलं."

मला आईचा राग आला. खोटं कशाला सांगू? एवढा राग आला की हातातला झाडू मी भिंतीवर आपटला आणि चौकटीतून बाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिले. जिने मला न्हाऊ-माखू घातलं, माझ्या गालाला रोज मलम चोळलं, तिने आपल्या भावाला मागच्या बाकावर बसू दिलं होतं. मी रस्त्यावरची रहदारी बघत उभी राहिले. मग आतून आवाज आला. आई रडत होती आणि मामा तिची समजूत काढत होता.

"अगं, त्यात काय माफ करायचं?" तो म्हणत होता. "ते मी तेव्हाच टाकून दिलं. माझ्या मनातही नाही. तू उगाच कशाला उकरतेस? चहा घे बघू. गार झाला."

मी आत आले. माझा राग गेला नव्हता, पण त्याने आता वेगळी वाट धरली.

"मामा," मी म्हणाले, "आईने तुला सांगितलं होतं का, माझा दोष तू घे म्हणून?"

"नाही."

"मग का घेतलास?"

"का म्हणजे? बहीण आहे ती माझी."

"आणि इतक्या वर्षांत तिच्याकडून काही वसूल केलंस? एक टोमणा तरी?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"तिने आज म्हटलं असतं, नको, माझा दोष मला परत दे, मी स्वयंपाकघराच्या दाराने येत जाईन, तर?"

तो चिडला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. "म्हणजे मग मी एवढं केलं ते कशासाठी?" तो म्हणाला. "पाण्यात गेलं म्हणायचं का सगळं?"

त्याचं वाक्य त्यालाच ऐकू आलं असावं. तो मागे सरकला आणि माझ्या नव्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीचा खटका अजून मी नीट बसवला नव्हता. ती त्याला घेऊन फुस्स आवाज करत खाली गेली आणि त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

"दर महिन्याला भाकरी येते," मी म्हणाले. "प्रभूनेही तुझा दोष घेतलाय, मामा. तुला न विचारता. तू त्याचा कुणीतरी आहेस म्हणून. आणि तू उठून कडी बघायला जातोस."

मामा त्या बुटक्या खुर्चीत गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. मग तो रडला. मोठ्या माणसांना रडताना बघायची मला सवय नाही आणि त्याला रडायची नव्हती, त्यामुळे ते काही बघण्यासारखं नव्हतं. चुन्याचे हात तोंडाला लागून चेहरा पांढरा झाला. आई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे मी त्याला नको म्हणत होतो?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"हो रे वेड्या," आई म्हणाली.

"मला वाटायचं, मी नम्रपणे मागे बसतोय."

मग तिथेच, धुळीत, पाव-अंड्यांच्या डब्याशेजारी आईने प्रार्थना केली. तिची प्रार्थना लांबलचक असते, त्यात शेजारीपाजारीही येतात. त्या दिवशी मात्र ती दोन वाक्यांत आटोपली. त्यानंतर मामाने केली. ती अशी: "प्रभू, माझंही घे. घेतलंच आहेस, पण मी दिलं नव्हतं. आता दिलं." एवढंच. मग त्याने नाक पुसलं, चहा गारच प्यायला, उठला आणि चौकटीपाशी जाऊन खिशातली पट्टी काढली.

काच बसवायला दोन दिवस लागले. त्याचे हात थरथरत होते हे खरंच होतं. पण हिरकणी काचेवर टेकली की थरथर थांबायची. काचेवरून ती करकरत सरळ गेली, त्याने टेबलाच्या कडेवर काच हलकेच दाबली आणि ती रेषेवर तुटली. ताव धरायला मी होते, आणि सूचना द्यायला आई, म्हणजे कामात अडथळाच. चौकटीत काच बसली, कडेने पुट्टी भरून झाली, अंगठ्याने तो ती दाबत गेला. मग कुंचला घेतला आणि फुली काढली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"ती मोठीच राहणार का?" मी विचारलं.

"राहणारच. काच आहे हे कळायला नको?" तो म्हणाला. "मी मोकळा झालो म्हणून लोकांची नाकं फुटायची की काय?"

पुट्टी वाळेपर्यंत मी मागच्या बोळाच्या दाराने दुकानात जात-येत होते. त्या दिवसांत एकदा मामा सकाळीच आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एक गंमत सांगू? त्या दिवसापासून सकाळी डोळा उघडला की पहिली आठवण तीच यायची. काचेचा आवाज. आज उठलो, तोंड धुतलं, चहा केला, प्यालो, कप विसळला, आणि मग आठवलं की आज आठवलंच नाही."

"मग?"

"मग काय, दुसरा कप केला."

त्या महिन्याचा पहिला रविवार आला. दुकानाच्या दारावर फुली अजून होती. ती मंगळवारी पुसायची असं त्याने फर्मान काढलं होतं आणि फडकं मी धरायचं होतं. आई आणि मी चर्चमध्ये आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो. पुढून तिसरा. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर मिनिटाला बघत होते. मागचा बाक रिकामा होता. आला नाही, म्हणजे पुन्हा तेच, असं मनात आलं.

पहिलं गीत संपताना कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला.

"सरक," मामा म्हणाला.

बाकाची डावी कड मोकळी होती. मी आईच्या बाजूला सरकले आणि तो तिथे बसला, माझ्या डावीकडे. इस्त्रीचा शर्ट, नखांत चुना. मी समोर बघत बसले. गालावर त्याची नजर कळत होती, आणि मी हलले तर ती उडून जाईल असं वाटत होतं.

भाकरीची ताटली आमच्या बाकाच्या डाव्या टोकाला आली, म्हणजे सर्वांत आधी त्याच्या हातात. पाळकसाहेबांनी स्वतः आणून दिली, आणि त्या दिवशी ते शिंकले नाहीत. मामाने ताटली घेतली. त्याने एक तुकडा उचलला, डोळे मिटून तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच बसला. मग माझ्याकडे वळून ताटली पुढे केली. आता त्याला माझ्याकडे बघावंच लागणार होतं, आणि त्याने बघितलं. भुवईपासून जबड्यापर्यंत, सावकाश, काचेची कड तपासावी तसं.

"टाके चांगले घातलेत डॉक्टरने," तो पुटपुटला.

"आत्ता कळलं?" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी तुकडा घेतला आणि ताटली आईला दिली. मागच्या खिडकीची कडी वाऱ्याने वाजत होती. ती बघायला कुणीही उठलं नाही.